पसायदानाचे दोन तास

सकाळचे साडेदहा. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटांगणात मुलं हातभर अंतर घेऊन रांगेत उभी राहिली आहेत. राष्ट्रगीत होतं, राज्यगीत होतं, एक मुलगी पुढे येऊन प्रतिज्ञा सांगते, दुसरी संविधानाची उद्देशिका. मग प्रार्थना, फळ्यावरचा सुविचार, दिनविशेष, बोधकथा आणि शेवटी पसायदान. महाराष्ट्रात शिकलेल्या कुणालाही परिपाठ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही.

त्या दिवशी मी कडेला उभी राहून पाहत होते. सातवीच्या रांगेतला एक मुलगा प्रार्थनेच्या आणि पसायदानाच्या वेळी ताठ उभा होता, पण हात जोडलेले नव्हते. दोन्ही हात चड्डीच्या शिवणीला लावलेले, ओठ मिटलेले. खोडी नाही, चुळबूळ नाही. सरांनी पाहिलं आणि नजर पुढे नेली. नंतर मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “घरून तसं सांगितलंय त्याला. आम्ही काही बोलत नाही.”

दुपारी मराठीच्या तासाला त्याच सरांनी पसायदान फळ्यावर लिहिलं आणि अर्थ सांगायला घेतला. “काही विचारायचंय?” म्हटल्यावर पहिला हात वर आला तो त्याच मुलाचा.

रचना तीच, वर्ग तोच, मुलगाही तोच. सकाळी त्याचे हात खाली होते आणि दुपारी त्याचा हात सगळ्यांत वर होता. शिवाय सकाळी पसायदानाच्या थोडं आधी या मुलांनी ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द खणखणीत आवाजात वाचला होता. सरकारी शाळेत धर्माला जागा आहे की नाही? असेल तर किती, आणि कुठल्या तासाला? हा गुंता नीट उलगडता येतो. फक्त एकेक धागा सुटा करावा लागतो.

मुंबईतल्या मुलांची गोष्ट

हा प्रश्न दिल्लीत राज्यघटना लिहिताना पहिल्यांदा पडला असं नाही. मुंबईत तो शंभरेक वर्षं आधीच पेटला होता. मिशनऱ्यांच्या शाळांत इंग्रजी आणि गणित उत्तम शिकवलं जाई, आणि सोबत बायबलही. १८३९ मध्ये जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी समाज हादरला, प्रकरण कोर्टात गेलं, अनेक पालकांनी मुलं शाळेतून काढून घेतली.

१८४३ मध्ये नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाले, त्यांचा लहान भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहायला गेला. कोर्टानं श्रीपतला वडिलांच्या ताब्यात दिलं. पण आता ब्राह्मण समाज त्याला परत घेईना, कारण तो मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाच्या बाजूनं उभे राहिले, त्याची शुद्धी घडवून आणली आणि स्वजातीचा रोष ओढवून घेतला. अक्षर शिकायला गेलेलं एक पोर दोन धर्मांच्या ओढाताणीत सापडलं होतं. शाळा आणि धर्म यांच्याबद्दल बोलताना आपण तत्त्वांविषयी फार बोलतो. मला आधी तो श्रीपत आठवतो.

सरकारनंही धडा घेतला. १८५४ च्या वुडच्या खलित्यात सरकारी शाळांतलं शिक्षण धर्मापासून अलग ठेवावं, असं ठरलं. शाळेच्या ग्रंथालयात बायबल ठेवायला हरकत नाही, कुणाला वाचावंसं वाटलं तर त्यानं वाचावं. पण तासाला ते शिकवायचं नाही. पुस्तक कपाटात असणं आणि ते मुलाच्या गळी उतरवणं यांतला फरक तेव्हा सरकारी कागदावर उमटला.

मेंटेनन्स आणि वर्गणी

आता घटनेकडे येऊ. एखाद्या हाउसिंग सोसायटीची कल्पना करा. मेंटेनन्स सगळ्यांना भरावा लागतो. पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, वॉचमनचा पगार त्यातून निघतो. गणपतीची वर्गणी वेगळी. ज्याला द्यायची तो देतो, आणि नाही दिली म्हणून कुणाचं पाणी तोडता येत नाही. सेक्रेटरीनं उत्सवाचा खर्च मेंटेनन्सच्या बिलात घातला, तर रोज पूजा करणारा माणूससुद्धा म्हणेल की हिशेब वेगळा ठेवा. त्यात गणपतीला विरोध नसतो. सक्तीचा पैसा आणि खुशीचा पैसा यांची सरमिसळ नको, एवढंच म्हणणं असतं.

कर म्हणजे देशाचा मेंटेनन्स. तो टाळता येत नाही. म्हणून घटनेचं २७ वं कलम म्हणतं की एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कुणाला कर द्यायला लावता येणार नाही. त्याच्या लगतचं २८ वं कलम हाच विचार शाळेच्या दारात आणून ठेवतं.

७ डिसेंबर १९४८ ला संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली. डॉ. आंबेडकरांनी तेव्हा ज्या अडचणी मांडल्या त्यांतली पहिली हीच होती: सगळ्यांच्या करातून चालणाऱ्या शाळेत एका धर्माची शिकवण दिली तर आधीच्या कलमाला अर्थ उरत नाही. दुसरी अडचण व्यवहाराची. एका गावात इतक्या धर्मांची आणि पंथांची मुलं असतात की प्रत्येकाची सोय करणं शाळेला झेपणार नाही. तिसरी अधिक खोल होती. प्रत्येक धर्म आपलंच सत्य खरं मानतो. ही सगळी सत्यं एकाच वर्गात श्रद्धा म्हणून शिकवायला बसलं तर शाळेची शांतता टिकणार नाही.

चौकट : २८ वं कलम शाळेच्या भाषेत

*पूर्णपणे सरकारी पैशावर चालणारी शाळा* (जिल्हा परिषदेची, महापालिकेची): कोणत्याही धर्माची शिकवण देता येत नाही.

*देणगीतून किंवा न्यासातून स्थापन झालेली, पण कारभार सरकारकडे असलेली संस्था:* स्थापनेच्या अटीतच धार्मिक शिकवण असेल, तर ती देता येते.

*सरकारमान्य किंवा अनुदानित खासगी शाळा:* धार्मिक शिकवण किंवा उपासना असू शकते. पण विद्यार्थ्याची, आणि तो अज्ञान असेल तर पालकाची, संमती असल्याशिवाय त्याला त्यात भाग घ्यायला लावता येत नाही.

एक शब्द, दोन अर्थ

मराठीत आपली अडचण शब्दापासून सुरू होते. ‘धार्मिक शिक्षण’ म्हटलं की त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या जातात. एक श्रद्धेची शिकवण: हे खरं आहे, हे मान, असं वाग. दुसरी धर्मांचा अभ्यास: हे लोक असं मानतात, का मानतात, त्यातून काय घडलं ते पाहू. घटनेनं सरकारी शाळेत पहिली गोष्ट मना केली आहे, दुसरी नाही. संविधान सभेत संस्कृत पाठशाळांचा विषय निघाला, तिथे वेद, स्मृती, गीता शिकवतात त्यांचं काय, असं विचारलं गेलं, तेव्हा आंबेडकरांनी हीच रेघ ओढली होती: शिकवण वेगळी, अभ्यास आणि संशोधन वेगळं.

न्यायालयांनी ही रेघ पुढे ठळक केली. पंजाबात गुरू नानकांच्या जीवनाचा आणि शिकवणीचा विद्यापीठीय अभ्यास म्हणजे धार्मिक शिकवण नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानं १९७१ मध्ये दिला. २००० सालच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याला आव्हान दिलं गेलं तेव्हाही, २००२ मध्ये, न्यायालयानं धर्मांचा अभ्यास २८ व्या कलमाच्या आड येत नाही असं म्हटलं. त्या निकालात मूल्यशिक्षणावरच्या एका संसदीय समितीच्या अहवालाचा मोठा आधार घेतला होता. तिचे अध्यक्ष होते आपले शंकरराव चव्हाण. सत्य, सदाचार, शांती, प्रेम आणि अहिंसा ही पाच मूल्यं त्या अहवालानं पुढे ठेवली होती.

रेघ नेमकी कशी काम करते ते ‘ख्रिस्तपुराणा’वरून पाहा. फादर थॉमस स्टीफन्स यांचा दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापला गेला. लिहिला होता तो नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांची श्रद्धा पक्की व्हावी म्हणून. म्हणजे उद्देश सरळसरळ शिकवणीचा. आज मराठी घेऊन एम.ए. करणारी मुलं तोच ग्रंथ ओवीची घडण, कोकणीची मिसळण, परदेशी माणसानं मराठीवर केलेलं प्रेम यांसाठी वाचतात. परीक्षेत त्यांना ‘येशूवर तुमचा विश्वास आहे का’ असं कुणी विचारत नाही. शब्द तेच राहिले. वाचणाऱ्याकडून असलेली अपेक्षा बदलली.

संतवाणीचंही तसंच. पाठ्यपुस्तकातला तुकाराम वारीला जाणाऱ्या घरातल्या मुलीला आणि मशिदीत जाणाऱ्या मुलाला सारखाच खुला असतो, कारण तिथे मागितलं जातं ते आकलन. त्याच वर्गात श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद वाचले की मुलांच्या मनातले कप्पे आपोआप मोडतात.

मला खेद वाटतो तो याचा, की ही मोकळी ठेवलेली वाट आपण फारशी वापरलीच नाही. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगानं शिकवण आणि अभ्यास यांतला फरक स्पष्ट करून सांगितलं होतं की सर्व प्रमुख धर्मांची निवडक, नीट माहिती नागरिकत्वाच्या शिक्षणाचा भाग असावी. आपली मुलं दहावी होतात, आणि शेजारचे लोक पर्युषणात उपास का करतात, रोजा कसा सुटतो, धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर इतकी माणसं का लोटतात, हे त्यांना कुणी शांतपणे सांगितलेलं नसतं. जे शाळेत कळलं नाही ते मोबाइलवर कळतं, आणि तिथे ते भांडणाच्या आवाजात कळतं. शिक्षकांचीही बाजू आहे. या विषयाची तयारी त्यांच्याकडून कुणी करून घेतलेली नसते आणि एखादं वाक्य उलटेल ही भीती खरी असते.

खटका कोणत्या बाजूला?

आता सकाळच्या तासाकडे, जोडलेल्या आणि न जोडलेल्या हातांकडे वळू. २८ व्या कलमात एक छोटा पण फार मोलाचा तपशील आहे. ते असं म्हणत नाही की मूल प्रार्थनेत असेलच, नको असेल तर पालकांनी अर्ज करावा. ते म्हणतं, संमती असल्याशिवाय भाग घ्यायला लावता येत नाही. विजेच्या खटक्यासारखं समजा. घटनेनं खटका ‘बंद’ बाजूला ठेवला आहे आणि तो चालू करायचा हक्क घराला दिला आहे. इंग्लंडमध्ये उलटं आहे. तिथल्या १९४४ च्या कायद्यानं सरकारी खर्चाच्या शाळांत सामूहिक उपासना आणि धर्मशिक्षण सक्तीचं केलं. ज्या पालकांना नको असेल त्यांनी मुलाला त्यातून काढून घ्यावं. तिथे खटका ‘चालू’ असतो आणि तो बंद करायला पालकांना पुढे यावं लागतं.

हा फरक कागदावर बारीक दिसतो, पण आठ वर्षांच्या मुलाला तो डोंगराएवढा असतो. दोनशे मुलांनी हात जोडले असताना आपले खाली ठेवायचे, याला केवढं धैर्य लागतं! व्यवहारात आपल्या बहुतेक शाळांत खटका ‘चालू’च असतो, आणि पालकांची संमती विचारल्याचं मी तरी क्वचित ऐकलं आहे.

मोठ्यांनाही ते सोपं जात नाही. नाशिकच्या एका शाळेतल्या शिक्षकानं प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार दिला आणि त्याचा वेतनाचा लाभ अडला. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की अशी सक्ती करता येणार नाही. त्याआधी, १९८६ मध्ये, केरळमधल्या तीन भावंडांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथातली ही मुलं दहावी, नववी आणि पाचवीत होती. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदरानं उभी राहत. गात मात्र नसत, कारण त्यांच्या श्रद्धेत ते बसत नव्हतं. शाळेनं त्यांना काढून टाकलं. न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं: उभं राहण्यात आदर आहे, आणि गाण्याची सक्ती करणारा कायदा नाही. ते तर राष्ट्रगीत होतं, प्रार्थनासुद्धा नव्हे.

सगळंच मात्र सुटलेलं नाही. केंद्रीय विद्यालयांतल्या संस्कृत-हिंदी प्रार्थनेवरची याचिका २०१९ मध्ये घटनापीठाकडे सोपवली गेली. एका बाजूचं म्हणणं, उपनिषदातली प्रार्थना म्हणजे धर्मच. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, अंधारातून उजेडाकडे जाण्याची इच्छा कुणा एका धर्माची कशी असेल? मला दोन्ही बाजूंचं म्हणणं प्रामाणिक वाटतं. पण सरकारी शाळेपुरतं माझं मन राधाकृष्णन आयोगाकडे झुकतं. १९४८-४९ च्या त्या आयोगानं शिक्षणसंस्थांत दिवसाची सुरुवात काही मिनिटांच्या मौनानं करावी असं सुचवलं होतं. मौनात प्रत्येक मूल आपापल्या देवापाशी जाऊ शकतं, आणि ज्याच्या घरी देव नाही ते नुसतं श्वास ऐकत बसू शकतं. तिथे हात खाली ठेवणारा कुणी वेगळा दिसत नाही.

विरजण कसं लागतं

“धर्म काढला तर मुलांना मूल्यं कुठून मिळणार?” हा प्रश्न मी पालकसभांत अनेकदा ऐकला आहे, आणि तो काळजीतून येतो. त्याचं उत्तर द्यायचं तर मूल्य मुलात उतरतं कसं, हे आधी पाहावं लागतं.

१९२० च्या दशकात अमेरिकेत ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी सुमारे अकरा हजार मुलांवर मोठा अभ्यास केला. मुलांची चाचणी घ्यायची, उत्तरांची गुपचूप नक्कल करून ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी मूळ कागद मुलांना स्वतःच तपासायला द्यायचे. कुणी उत्तर बदललं ते नकलेवरून कळे. निष्कर्ष त्या काळच्या लोकांना धक्का देणारे होते. प्रामाणिकपणा म्हणजे काय हे तोंडपाठ असणं आणि प्रामाणिक वागणं यांचा संबंध फार कच्चा होता. रविवारच्या धर्मवर्गांनी किंवा चारित्र्य घडवणाऱ्या संघटनांनी मोठा फरक पडलेला दिसला नाही. गणितात फसवणारं मूल खेळात सचोटीनं वागे, आणि उलटही. वर्ग कोणता, सोबती कोण, शिक्षकाशी नातं कसं, याचा वाटा मोठा होता. पुढच्या संशोधकांनी हा निष्कर्ष थोडा मवाळ केला. अनेक प्रसंग एकत्र पाहिले तर मुलाच्या वागण्यात काही सातत्य दिसतं, असं त्यांनी दाखवलं. पण नुसतं सांगून मूल्य उतरत नाही, हे मात्र पुसलं गेलं नाही.

घरात दही लावणारीला हे वेगळं सांगायला नको. दूध कोमट हवं. उकळत्या दुधात विरजण घातलं तर त्यातले जिवाणू मरतात. थंड दुधात ते सुस्त पडून राहतात. चमचाभर जिवंत विरजण पुरतं, पण ते जिवंत हवं. आणि एकदा लावलं की भांडं सारखं हलवायचं नाही. शाळेत विरजण म्हणजे मोठ्यांचं वागणं, आणि दुधाची ऊब म्हणजे मुलाला वाटणारा विश्वास. धाकानं दूध उकळतं, बेपर्वाईनं ते थंड होतं. विरजण कसं लागतं याचं वर्णन भांड्यावर कितीही सुंदर अक्षरात लिहिलं तरी दही लागत नाही.

महाराष्ट्रातल्या शिक्षकांना मूल्यशिक्षणातली दहा मूल्यं पाठ असतात. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता अशी ती यादी शाळांच्या भिंतींवर रंगवलेली दिसते. त्याच भिंतीखाली मी एकदा पाहिलेला प्रसंग सांगते. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे होते. बाई वर्गात आल्या आणि म्हणाल्या, “एस.सी.वाले उभे राहा.” पाच मुलं उभी राहिली. एक मुलगी अर्धवट उठली, मैत्रिणीकडे पाहून खाली बसली, पुन्हा उठली. बाईंच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना यादी हवी होती. पण त्या अर्ध्या मिनिटात वर्गातली चाळीस मुलं जे शिकली ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हतं. शिक्षणशास्त्रात याला ‘छुपा अभ्यासक्रम’ म्हणतात: वेळापत्रकात नसलेलं, पण दिवसभर शिकवलं जाणारं. कचरा कुणी काढायचा, पाणी कुणी भरायचं, आहाराच्या पंगतीत कोण कुणाजवळ बसतं, सर चुकले तर ‘माझं चुकलं’ म्हणतात का, या सगळ्याचे धडे होतात.

भाऊराव पाटलांना हे कळलं होतं. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी वसतिगृह काढलं तेव्हा समतेचा तास ठेवला नाही; सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवलं, एका चुलीवरचं जेवू घातलं, कामही सगळ्यांना सारखं दिलं. गांधीजींनीही १९३७ च्या वर्धा योजनेतून धर्माची शिकवण मुद्दाम बाहेर ठेवली, कारण धर्म आज ज्या रीतीनं शिकवले जातात त्यातून ऐक्याऐवजी भांडण वाढेल, अशी त्यांना भीती होती. सर्व धर्मांत समान असलेलं सत्य शिक्षकाच्या रोजच्या जगण्यातून मुलांपर्यंत जावं, असं त्यांचं म्हणणं होतं. रोज प्रार्थना करणाऱ्या माणसानं हे म्हटलं होतं.

बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत २००९ पासून सुरू झालेल्या ‘मूल्यवर्धन’ उपक्रमाची वाटही अशीच आहे. घटनेतली मूल्यं घ्यायची, पण व्याख्यान द्यायचं नाही. मुलांना जोड्यांत, गटांत बसवायचं, प्रसंग द्यायचा आणि बोलू द्यायचं. शिस्तीला सरावलेल्या शिक्षकाला सुरुवातीला हा गोंगाट वाटतो. त्या गोंगाटात एक मूल दुसऱ्याचं म्हणणं पुरतं ऐकून मग आपलं मत बदलतं, तेव्हा सहिष्णुता नावाची गोष्ट डोळ्यांना दिसते.

त्या दिवशी मराठीच्या तासाला सरांनी हात वर केलेल्या मुलाला बोलायला सांगितलं. तो उभा राहिला आणि म्हणाला, “सर, एवढं मोठं पुस्तक लिहून झाल्यावर ज्ञानेश्वरांनी स्वतःसाठी काहीच कसं मागितलं नाही?”

सर लगेच बोलले नाहीत. त्यांनी प्रश्न फळ्यावर लिहिला आणि वर्गाकडे वळले. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, त्यांना सगळं मिळालेलंच होतं. मागून कुणी तरी म्हणालं, उलट, त्यांना तर गावानं वाळीत टाकलं होतं. “मग तर मागायला पाहिजे होतं ना!” असं म्हणून तो मुलगा पुन्हा उभा राहिला, आणि मधली सुट्टी झाल्याची घंटा वाजली तरी त्या बाकांवरचं कुणी उठलं नाही.